दसऱ्याला न उघडलेलं रजिस्टर

एक मूर्खपणा आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की पानं उलटून अंकातल्या पाककृतींकडे जायचं, हे तुम्हाला ठरवता येईल. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर एका चौकोनात बरोबरची खूण केली. चौकोनापुढे लिहिलं होतं की जी फाइल सलग पाच वर्षं कोणी उघडणार नाही ती आपोआप कायमची पुसली जाईल, मान्य आहे का? मी म्हटलं, मान्य आहे की. पाच वर्षं न उघडलेली फाइल आमच्याकडे असते तरी कुठं? उलट मला हसूच आलं. या पुण्याच्या कंपनीवाल्यांना वाटतं, यवतमाळचे लोक रेकॉर्ड रूमला कुलूप घालून झोपा काढतात.

ती बाई, म्हणजे छप्पन्न वर्षांची मी, फार हुशार होती. केसांना मेंदी, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा आणि तोंडात नवेनवे चार इंग्रजी शब्द. आज ती मला भाजीबाजारात भेटली तर मी तिला ओळखसुद्धा देणार नाही.

तिला हसू का आलं, ते कळायला आमची रेकॉर्ड रूम माहीत हवी. मी एका शिक्षणसंस्थेच्या मुख्य कार्यालयात अभिलेखपाल होते. राळेगावपासून उमरखेडपर्यंत संस्थेच्या शाळा, आणि त्या सगळ्या शाळांचे जुने कागद यवतमाळला माझ्या खोलीत. कागद फडक्यात बांधायचे, त्याला बस्ता म्हणतात. लाल फडकं म्हणजे कायम ठेवायचे, हिरवं म्हणजे तीस वर्षं, पिवळं म्हणजे दहा, पांढरं म्हणजे वर्षभरात रद्दी. लाल फडक्यात मुख्यतः दाखल-खारीज रजिस्टरं. मूल शाळेत आलं की त्यात नाव, त्यापुढे 'वल्द' लिहून बापाचं नाव, जात, जन्मतारीख, बापाचा धंदा लिहायचा. मूल शाळा सोडून गेलं की कधी आणि का गेलं तेही. बाहेरच्या माणसाला ते जुनाट वहीसारखं दिसतं. पण आपल्याकडे कोणी आपली जात सिद्ध करायला निघालं की त्याला आज्या-पणज्याच्या काळचा कागद लागतो, आणि बहुतेकांच्या घरात असा कागद एकच सापडतो. तो म्हणजे या वहीतली एक ओळ.

मला हे काम शिकवलं ढोके काकांनी. मी नोकरीला लागले तेव्हा ते खोलीचे मालक असल्यासारखे वागायचे, आणि होतेच. त्यांचा एक नेम होता. खंडेनवमीला लोक हत्यारं पुजतात, आम्ही बस्ते पुजायचो. सकाळीच सगळे बस्ते सोडून शाळेच्या पटांगणात सतरंज्यांवर मांडायचे. ऑक्टोबरचं ऊन कागदाला चांगलं, फार कडक नाही आणि ओलही उरत नाही. वाळवी लागली का बघायचं, कडुनिंबाचा ताजा पाला घालायचा, फडकं झटकायचं, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला गाठ मारून परत मांडणीवर. आणि काकांचा हुकूम होता की नुसतं ऊन दाखवून भागणार नाही, प्रत्येक रजिस्टर उघडून त्यातलं एक तरी पान मोठ्यानं वाचायचं. शाई उडाली का, पानं चिकटली का, ते वाचल्याशिवाय कळत नाही, असं ते म्हणायचे.

मी नवीन, म्हणून माझ्या वाट्याला सगळ्यात बारकं रजिस्टर आलं. झरी जामणीकडची एक जुनी जंगलातली शाळा संस्थेनं कधीतरी चालवायला घेतली होती, तिचं. इतरांना शहरातल्या शाळांची जाडजूड रजिस्टरं, त्यात वकिलांची, डॉक्टरांची नावं. माझ्या हातात ही पिवळी पडलेली वही. मला अपमान वाटायचा. बावीस वर्षांची होते, मॅट्रिकला पहिला वर्ग होता, आणि मला वाटायचं संस्थेनं माझ्यासाठी वेगळं टेबल आणि पंखा ठेवावा. म्हणून मी दरवर्षी मुद्दाम तेच पहिलं पान घडाघडा वाचून मोकळी व्हायचे. पान बदलण्याचासुद्धा आळस. पण त्या आळसामुळे ते पान मला पाठ झालं. तीसेक वर्षं एकच पान वाचल्यावर दुसरं काय होणार?

आता पुढचं. एकदा सचिवसाहेब कुठल्याशा परिषदेहून आले आणि म्हणाले, आपण सगळं रेकॉर्ड क्लाउडवर नेणार. बाकीचे कर्मचारी घाबरले, मी पुढे सरसावले. मला चष्म्याच्या दोरीचा फार अभिमान होता, त्याला शोभेल असं काहीतरी हवं होतं. पुण्याच्या कंपनीतल्या एक मॅडम पडद्यावर दिसायच्या आणि शिकवायच्या. मी जे समजले ते तुम्हाला सांगते. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या गोदामात भाड्यानं घेतलेली जागा. आपले कागद तिथल्या यंत्रांत राहतात, आपण इथून बोट दाखवून मागवायचे. गोदामवाला प्रत्येक वस्तूच्या तीन प्रती तीन वेगळ्या ठिकाणी ठेवतो, एक यंत्र जळालं तरी दोन उरतात. जे रोज लागतं ते गरम साठ्यात, म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. जे क्वचित लागतं ते थंड साठ्यात, म्हणजे माळ्यावर. माळ्याचं भाडं कमी, पण तिथून काही खाली काढायचं तर काही तास थांबा आणि काढण्याचे पैसे वेगळे भरा. टाकायला फुकट, काढायला दाम. हे ऐकून आमचे उमरखेडचे लिपिक म्हणाले होते, बाई, हे तं लग्नाच्या हॉलवाल्यासारखंच झालं.

दीड वर्ष स्कॅनिंग चाललं. लाल बस्ते सुटले, पानापानाचे फोटो निघाले. आणि मग राळेगावच्या शाळेत एक घटना घडली, जिनं माझं डोकं पुरतं फिरवलं. तिथल्या मुख्याध्यापकांना ईमेल आला की तुमचा सत्कार ठरला आहे, निमंत्रणपत्रिका उघडा. सत्कार म्हटल्यावर कोण थांबतो? त्यांनी उघडली आणि शाळेच्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फाइलींना कोणीतरी बाहेरून कुलूप घातलं. दहावीची मुलं परीक्षेला बसलेली, आणि त्यांचे प्रवेश अर्ज, गुण, सगळं बंद. किल्लीसाठी खंडणीची मागणी. मी मॅडमना फोन लावला आणि क्लाउडमधल्या दोन दिवसांपूर्वीच्या प्रती परत उतरवून घेतल्या. संध्याकाळपर्यंत शाळा सुरू. मग खरोखरचा सत्कार झाला, तो माझा. शाल, श्रीफळ, आणि सचिवसाहेबांचं भाषण की इंगोले बाईंनी संस्थेला नव्या युगात नेलं. मी खाली मान घालून बसले होते, पण आतून मी गुढीसारखी उभी होते.

त्याच भरात मी लिहून दिलं की आता कागदांची गरज उरलेली नाही. रेकॉर्ड रूमची डिजिटल वर्गखोली करायची होती. कागदांचा ट्रक लगद्याच्या कारखान्याकडे निघाला त्या दिवशी ढोके काका आले होते. पंच्याऐंशीच्या पुढचे, काठी टेकत. त्यांनी ट्रककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दसऱ्याले उघडनार काय हे तुया मशिनीतलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, काका, याला वाळवी लागत नाही, याला ऊन लागत नाही, कायले उघडायचं?  त्यांनी रिकामी लाल फडकी तेवढी मागून घेतली, गोधडीला होतील म्हणाले, आणि गेले. पुढच्या उन्हाळ्यात वारले. माझं ते उत्तर त्यांनी सोबत नेलं नाही, ते माझ्याकडेच राहिलंय.

क्लाउडला वाळवी लागत नाही हे खरं. पण त्याला सूज येते. शाळाशाळांत कॅमेरे बसले आणि रिकाम्या वरांड्यांचं चोवीस तासांचं चित्रण गोदामात जाऊन पडायला लागलं. स्नेहसंमेलनांचे व्हिडिओ, प्रत्येक शिक्षकाच्या मोबाइलमधून एकेकदा, म्हणजे एकच नाच चौदा वेळा. भाडं वाढलं, सचिवसाहेबांची भुवई वर गेली. मॅडम म्हणाल्या, हे तुमचंच नाही, आमच्या मोठमोठ्या गिऱ्हाइकांचं दुखणं हेच आहे. सगळे ठेवतात, उघडून कोणी बघत नाही, आणि काय फेकायचं ते ठरवायला कोणाला वेळ नाही. म्हणून यंत्रालाच नियम घालून द्यायचा. दोन वर्षं न उघडलेलं माळ्यावर. पाच वर्षं न उघडलेलं बाहेर.

मॅडमनी विचारलं होतं, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. त्या म्हणाल्या, कायम ठेवायच्या फाइली वेगळ्या काढून त्यांना हा नियम लागू नाही असं सांगून ठेवायचं का? मी म्हटलं, गरज नाही, आमच्याकडे दरवर्षी प्रत्येक रजिस्टर उघडलं जातं. अगदी ठसक्यात सांगितलं. तीस वर्षांच्या दसऱ्यांची सवय माझ्या जिभेवर बसली होती, आणि तो दसरा मी स्वतःच बंद केलाय हे त्या क्षणी माझ्या टाळक्यात आलं नाही. खंडेनवमीला त्या वर्षी आम्ही कॉम्प्युटरला हार घातला, पेढे खाल्ले आणि घरी गेलो. एकही फाइल उघडली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मग मी निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर मी नातवंडांना खोड्या शिकवण्यात रमले होते. मागच्या वर्षी पावसाळ्यात दारात एक माणूस आणि एक मुलगी उभी राहिली. झरी जामणीकडच्या एका पोडावरचे, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचे, लक्ष्मण टेकाम आणि त्यांची लेक पायल. पायलला नर्सिंगच्या पदवीला जागा मिळाली होती. राखीव जागा, आणि ठरलेल्या मुदतीत जातीचा दाखला पडताळून आणला नाही तर प्रवेश रद्द. त्यांच्याकडे जमिनीचा कागद नव्हता, कारण जमीन कधी नव्हती. पोडावरचं पायलच्या आधी कोणी बारावी झालेलं नव्हतं, म्हणून जवळच्या नात्यात कोणाचा पडताळलेला दाखलाही नव्हता. फक्त घरात सांगत आलेली एक गोष्ट होती की लक्ष्मणचे आजोबा, भीमा, लहानपणी काही महिने शाळेत गेले होते. संस्थेच्या कार्यालयात विचारलं तर तिथल्यांनी सांगितलं, जुनं सगळं इंगोले बाईंना माहीत.

मी टाळीच वाजवली. म्हटलं, अरे बाबा, तुझ्या आजोबाला मी ओळखते. आणि तिथेच ओसरीवर उभ्या उभ्या ती ओळ म्हणून दाखवायला तोंड उघडलं, पण थांबले. म्हटलं, तुम्ही कागदच घ्या हातात, मग वाचू. बघा, तोरा अजून गेला नव्हता.

आम्ही तिघं कार्यालयात गेलो. माझ्या जागी आता निलेश आहे, कामाचा माणूस आहे, त्याच्याकडे माझ्यासारखी दोरी नाही. त्याने शाळेचं नाव टाकून शोधलं. पडद्यावर त्या शाळेचं खूप काही आलं. पण सगळं वरांड्याच्या कॅमेऱ्याचं. सहा वर्षांपूर्वीचा वरांडा, पाच वर्षांपूर्वीचा वरांडा. दिवाळीच्या सुट्टीतला वरांडा, त्यात एक कुत्रं झोपलेलं, मग तेही उठून गेलेलं. पायल माझ्या खुर्चीमागे उभी राहून बघत होती. मी विचारलं, हे कसं राहिलं? निलेश म्हणाला, कॅमेऱ्याच्या फाइली एक तपासणी प्रोग्राम रोज आपोआप उघडतो, त्यामुळे यंत्राला वाटतं त्या वापरात आहेत.

रजिस्टर कुठेच आलं नाही. माळ्यावर बघ म्हटलं. माळ्यावर नव्हतं. मग त्याने हटवलेल्या फाइलींची नोंदवही काढली. त्यात एक ओळ होती. शाळेचं नाव, फाइलचं नाव, तारीख, आणि कारणाच्या रकान्यात 'नियमानुसार'. नियम कोणी घातला त्या रकान्यात माझं नाव होतं. तीन प्रतींचं काय, मी विचारलं. पुण्याहून उत्तर आलं, फार सभ्य उत्तर, की तीन प्रती यंत्र बिघडलं तर उपयोगी पडतात, मालकाचा हुकूम मात्र तिन्ही ठिकाणी पाळला जातो. हटवल्यावर तीस दिवस परत मिळवता आलं असतं. ते तीस दिवस उलटून वर्ष होत आलं होतं.

निलेशनं नवा एआयवाला शोधही लावून पाहिला. हल्ली ती नवी टूम आहे, काहीच पुसू नका, सगळं एआयला खाऊ घाला. त्याने विचारलं, भीमा वल्द लेतू यांची नोंद दाखव. ते म्हणालं, अशी नोंद आढळली नाही, नमुना उतारा तयार करून देऊ का? निलेशनं घाईनं ते बंद केलं. लक्ष्मणनं मात्र वाचलं होतं. तो हळूच म्हणाला, "बाई, नमुना चालते काय?" मी नाही म्हणून मान हलवली.

त्या दिवसानंतर मी रोज कार्यालयात जाऊन बसले. निलेशच्या शेजारी खुर्ची टाकून लाल बस्त्यांची यादी आठवत गेले आणि एकेक शोधत गेले. जे कळलं ते सांगताना लाज वाटते, तरी सांगते. शहरातल्या शाळांची रजिस्टरं जशीच्या तशी आहेत. कारण त्या घरांतली पोरं आधीपासून शिकत आहेत, दरवर्षी कोणीतरी उतारा मागायला येतं, फाइल उघडली जाते, ती जगते. गेली ती जंगलातल्या, तांड्यावरच्या, पोडावरच्या शाळांची. ज्यांच्या घरातून अजून कोणी मागायला आलंच नव्हतं, त्यांची. माझ्या खोलीत ज्याला कोणी हात लावत नसे, ते मांडणीवर निवांत टिकून राहायचं, कोणीतरी पहिल्यांदा येईपर्यंत वाट बघायचं. मी त्याला अशा जागी नेऊन ठेवलं, जिथं वाट बघायला परवानगी नाही. पायल पहिली आली. तिच्यामागून येणाऱ्यांना मी काय सांगणार आहे, मला माहीत नाही. स्नेहसंमेलनातलं मुख्याध्यापकांचं कोळीनृत्य मात्र गरम साठ्यात सुखरूप आहे, चौदा प्रतींत.

मी पडताळणी समितीपुढे प्रतिज्ञापत्र दिलं. तीस वर्षं ते पान वाचलं, मला पाठ आहे, असं लिहिलं. तिथल्या अधिकारी बाई तरुण होत्या, त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, आजी, तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण विश्वासाची साक्षांकित प्रत मी कुठून जोडू? उद्या दुसरं कोणी येऊन वेगळं पान पाठ म्हणून दाखवेल. त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि एवढ्या मायेनं म्हटलं नसतं.

मुदत संपली. पायलचा प्रवेश रद्द झाला. ती आता पांढरकवड्याला एका मोबाइलच्या दुकानात कामाला आहे.

त्या दिवशी समितीच्या कार्यालयाबाहेर लिंबाखालच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. झरीची एसटी यायला अवकाश होता. लक्ष्मण माझ्यावर चिडेल, चार शब्द बोलेल, म्हणून मी वाट बघत होते. बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने डब्यातली भाकर माझ्यापुढे केली आणि म्हणाला, "बाई, कागद तं गेला. पन तुमाले पाठ हाये म्हंता. मंग मले एकडाव आयकू द्या."

मी डोळे मिटले आणि पटांगणातल्या सतरंजीवर बसल्यासारखं म्हटलं. अनुक्रमांक सतरा. भीमा वल्द लेतू. जात कोलाम. बापाचा धंदा बांबू कटाई. इयत्ता पहिलीत दाखल. खारीज, कारण बापासोबत जंगलात गेला.

लक्ष्मणनं ते आपल्या ओठांत पुन्हा म्हटलं, सतरा नंबरासकट. मग डब्याला झाकण लावलं. पायल कागदांची पिशवी मांडीवर धरून बसली होती. एसटी वळणावर दिसली तशी ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, त्या शाळेचा रिकामा वरांडा तुमी इतके सालं जपून ठेवला. त्यात कोनीच नोतं. मंग आमचा मानूस काहून नाही ठेवला?"